वनिताच्या घराची चावी

महाडहून हमीदाबींचा फोन आला, तेव्हा मी जेवायला बसत होतो. तुमच्या गावची वनिता काल न्यूमोनियानं गेली, कुणाला कळवू, असं त्या विचारत होत्या. शेवटचे चार महिने त्यांनीच तिला मागची खोली दिली होती. त्याआधी ती एमआयडीसीत मिळेल त्या कामाला जायची आणि एसटी स्थानकात झोपायची. वय एकोणीस... मलाच कळवलंत ते बरं केलंत, म्हणालो. घास ताटातच राहिला.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमचं गाव. निम्मी घरं मुंबईकरांची, वर्षभर बंद; चाव्या माझ्याकडे. मी जन्मभर टपाल वाटलं. ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, म्हणून गावाचा विश्वास. वनिताचा बाप लहानपणीच गेलेला. आई गेली तेव्हा ती दहावीत होती. आईच्या बाराव्याला मुंबईहून आलेला काका तिला घरकामासाठी न्यायला निघाला. परीक्षा झाल्याशिवाय येणार नाय, ती म्हणाली. त्यानं घराला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी.

"आबा, ती माझ्याच घराची चावी हाय ना?"

"ज्यानं ठेवाय दिली त्यालाच देईन गो."

"मग पुस्तकं तरी काढून द्या. मी भायेरच उभी राहीन."

तेही मी केलं नाही.

मग ती स्वतःच्याच घराच्या ओट्यावर राहू लागली. रोज ओटा सारवायची, मैत्रिणीची पुस्तकं आणून वाचायची. कुणी भाकरी द्यायचं, घरात कुणी घेत नव्हतं. ती ओट्यावर राहते, हे मीच काकाला फोन करून कळवलं. ओटा पत्रे मारून बंद करा, तो म्हणाला. ती शाळेत असताना मी माणूस आणला आणि उभा राहून पत्रे मारून घेतले. संध्याकाळी आली, पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "आता कुठं बसू, आबा?"

मी घरात गेलो... सकाळी ती नव्हती.

कुणाबरोबर तरी पळाली, असं गाव चार वर्षं म्हणत आलं. मी मान डोलवत आलो. ती पळाली नव्हती. मी तिला हाकललं.

परवा पत्रे उचकटले, कुलूप काढलं. फळीवर तिची पुस्तकं होती, वाळवीनं खाल्लेली. उचलताच हातात माती आली. दार आता उघडंच ठेवतो. काका रागावून फोन करतो, मी घेत नाही. चावी अजून खिळ्याला आहे. ज्याची त्याच्या हातात द्यायची, तर आता ती कुणाला देऊ?