अमडापूरला अंडं शिकवायला

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि अंडी कशी खावीत हे सांगणारी सरकारी पुस्तिका होती. तिन्हींत पुस्तिका सर्वांत हलकी, आणि ओझं मात्र तिचंच वाटत होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जनता काय खाते याची काळजी सरकारला नुकतीच वाटू लागली होती, आणि ती वाहायला आमच्या खात्यानं मला पुण्याहून वऱ्हाडात धाडलं होतं. माझ्याकडे गृहविज्ञानाची पदवी होती. मी जन्मात कधी अंडं खाल्लेलं नव्हतं, पण ते अर्जात कुणी विचारलं नव्हतं आणि मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं. कॉलेजात प्रात्यक्षिक संपलं की माझी बशी मी शेजारणीकडे सरकवत असे. गुण मला मिळत, अंडं तिला. दोघीही खूश असायचो.

मलकापूरहून एसटीनं राजूरचा घाट चढून बुलढाण्याला पोचले. वर आल्यावर हवा एकदम गार झाली आणि मी शाल काढली. दुसऱ्या दिवशी अमडापूरला प्रात्यक्षिक करायचं होतं. पुस्तिकेतला पदार्थ सोपा होता. पावाच्या तुकड्याला वाटीनं मधोमध भोक पाडायचं, तुकडा तव्यावर तुपात टाकायचा, भोकात अंडं फोडायचं, मीठ-मिरपूड घालून उलटायचं. ‘न्याहारीस, दुपारी अथवा रात्री, कोणत्याही जेवणास चालेल’, असं खाली ठळक छापलेलं होतं. पाव आणायचा कुठून, हे छापलेलं नव्हतं.

बाजारात मी पाव मागितला तर दुकानदारानं दगडासारखे कडक टोस्ट पुढे केले. त्यांना भोक पाडायला सुताराची गरज पडली असती. बरंच समजावल्यावर त्याच्या ध्यानात आलं. “डबलरोटी (पाव) पायजे म्हना नं,” तो म्हणाला, आणि पेशंट कोणत्या वॉर्डात आहे ते त्यानं आस्थेनं विचारलं. डबलरोटी तो दवाखान्यातल्या गिऱ्हाइकांसाठीच ठेवत असे. धडधाकट माणूस ती खाईल अशी शंकाही त्याला आली नव्हती.

सकाळी चिखलीवरून अमडापूरला जाणाऱ्या एसटीत मांडीवर ती डबलरोटी पाहून शेजारच्या म्हातारबुवांनी घरी कोण बिमार आहे ते विचारलं. मी ‘कुणी नाही’ म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं, कारण त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि सगळं ठीक होईल असा धीर दिला. बाहेर ज्वारी कणसाला आली होती आणि कापसाची शेतं पांढरी झाली होती. पुढे एका बाईनं चढताना आपलं बोचकं सरळ माझ्या मांडीवर टेकवलं. उतरले तेव्हा डबलरोटीची उंची निम्मी झाली होती.

थांब्यावर ग्रामसेविका विमलताई उभ्या होत्या. त्या इथल्याच, गावोगाव सायकलनं फिरणाऱ्या. त्यांच्या पिशवीत भुशात ठेवलेली दहा गावरान अंडी होती आणि वर झाकायला मेथीची जुडी. चालता चालता त्यांनी मला परिस्थिती सांगितली. प्रात्यक्षिक गयाबाईंच्या अंगणात होतं. चाळीस एकरांची बाई, तिचा शब्द गल्लीत चालायचा. तिची सून शांता तीन महिन्यांची बाळंतीण. अंगात रक्त नव्हतं, उठली की चक्कर यायची. चिखलीच्या डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं होतं. पण या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं, आणि सासू ते शिरू देत नव्हती. तिनं अंगण देऊ केलं, एवढंच पुष्कळ होतं.

कापसाच्या वेचणीला जायच्या आधी म्हणून बायका सकाळीच जमल्या होत्या. पंधरा-वीस असतील. अंगणात, गोठ्याच्या बाजूला तीन दगडांची चूल मांडलेली होती. घरातला तवा मिळणार नव्हता, विमलताईंनी आपला आणला होता. शांता उंबऱ्याशी बाळ घेऊन बसली होती. तिचे ओठ आणि तिचं विटून पांढरं पडलेलं लुगडं, दोन्हींचा रंग जवळजवळ एकच होता.

मी प्रथिनांवर बोलले. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मी डबलरोटी कापायला घेतली. कालची शिळी आणि वर चेंगरलेली, वाटी दाबताच तिचा चुरा झाला. दुसऱ्या तुकड्याचंही तेच. तिसरा कसाबसा तव्यावर गेला, पण अंडं फोडताच ते फटीतून बाहेर पळालं आणि सरळ चुलीत उतरलं. धूर झाला. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि मला पुण्याची गाडी किती वाजता आहे ते आठवू लागलं.

तेवढ्यात उंबऱ्याकडून बारीक आवाज आला. “भाकरीचा पापुद्रा उघडून त्यात टाकलं तं?”

शांता होती. सासूनं वळून पाहिलं. शांतानं मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळच्या भाकरी टोपल्यात होत्याच. विमलताईंनी एक घेऊन तिचा पापुद्रा अर्ध्यावर उघडला. मी कांदा, हिरवी मिरची आणि मीठ घालून अंडं फेटलं, आत ओतलं आणि सराट्यानं (उलथण्यानं) पापुद्रा दाबून भाकर तव्यावर टाकली. एक थेंब सांडला नाही. खरपूस वास सुटला. पुस्तिकेला हे सुचलं नव्हतं.

मी बशी पुढे केली. एकही हात आला नाही. गयाबाईंनी मला विचारलं, “बाई, तुम्ही खाता हे?”

“खाते ना,” मी म्हटलं. खात्याची इभ्रत होती.

“मंग खा. आमच्या समोर खा.”

इथं सरकवायला शेजारीण नव्हती. ट्रंकेतले कागद, पदवी, प्रथिनं, कशाचाच आधार घेता येईना. मी शांताकडे पाहिलं. ती माझ्याकडे नव्हे, बशीकडे पाहत होती. मी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावला. मग दुसरा, मग तिसरा. अर्धी भाकर संपवली. मिरचीनं नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि त्याबद्दल मी मिरचीची आजही ऋणी आहे.

उरलेली अर्धी गयाबाईंनी उचलली आणि सुनेच्या हातात दिली. “बाहीरच खाय,” एवढंच म्हणाल्या. शांतानं बाळ विमलताईंकडे दिलं आणि गोठ्याजवळ बसून सगळी भाकर खाल्ली. सावकाश, कुणाकडे न पाहता.

बायका वेचणीला गेल्यावर गयाबाई माझ्या हातावर पाणी घालायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “पयल्यांदाच खाल्लं नं?”

मी होय म्हणून मान हलवली.

“तुमचे डोये पाहून राह्यली होती मी. सांगाले लय येतात, बाई. सांगून निंगून जातात.” त्यांनी तांब्या खाली ठेवला. “चूल राहू द्या तशीच. तिचा सासरा रोज करून देईन तिले.”

त्या तीन दगडांचं पुढे काय झालं ते विमलताईंनी दोन महिन्यांनी पत्रानं कळवलं. सासरे रोज सकाळी गोठ्याजवळ भाकर भाजत, आणि शांता वेचणीच्या शेवटच्या फेरीला शेतात गेली होती. खात्याला पाठवलेल्या माझ्या अहवालात मी भाकरीचं सगळं लिहिलं. साहेबांनी ‘भाकर’वर रेघ मारून ‘पाव’ केलं आणि अहवाल उत्तम असल्याचा शेरा दिला.

पुण्याला परतले त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला मी सगळं सांगून टाकलं. न सांगता त्या ओट्याशी बसणं मला जमेना. ती भाजी चिरायची थांबली. मग हे बाहेर कुठे बोलू नकोस म्हणाली, आणि पुन्हा चिरू लागली. आता घरात आपलं ताट वेगळं होणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

गवारीच्या दोन-चार शेंगा चिरून झाल्यावर तिनं दाराकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “चव कशी असते गं?”

लोकांना अंडं शिकवायला मी सव्वातीनशे मैल गेले होते, आणि मला फक्त ती मिरची आठवत होती.