तिसऱ्या कडव्यापर्यंत: गिरीज ते नंदाखाल

नातीला मैत्रिणींबरोबर गिरीजहून नंदाखालला सायकलने जायचंय. तिने मला वाट विचारली. ती वाट मी नीट पाहिली होती सतरा वर्षांची असताना, १९५०च्या दशकात, आमच्या बैलगाडीतून. तेव्हा त्याच फेरीबद्दल लिहिते. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मला नर्सिंगला जायचं होतं. मुंबईच्या इस्पितळातल्या एक मॅट्रन नंदाखालच्या सणाला पाहुण्या म्हणून येणार होत्या आणि माझ्याशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलणार होत्या. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "त्या हो म्हणाल्या तर जा, नाहीतर माघात लग्न." नवरामुलगा उमेळ्याचा होता. माणूस वाईट नव्हता, पण मला नको होता.

इंग्रजी मी शिकले शेजारच्या फिलोमीनाबाईंच्या ओटीवर. त्यांचे भाऊ इनासकाका बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे आणि इंग्रजी गाणी म्हणायचे. रोज संध्याकाळी बँडची तालीम चाले. मी कोपऱ्यात बसून ऐकायची, बाई अर्थ सांगायच्या. चार महिन्यांत समुद्र, बंदर, निरोप, ताप, भीती असे कितीतरी शब्द पाठ झाले. या पद्धतीतली खोट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही.

सणाच्या दिवशी उजाडताच निघालो. आबांना तिकडच्या एका वाडीत वाळवून सुकेळी करायला राजेळी केळी बघायची होती. बँडवाले पुढे पायी गेले होते, त्यांचा मोठा ढोल आमच्या गाडीत होता. भुईगाव, वाघोली, मग निर्मळ. वाटभर दोन्ही बाजूंनी वाड्यांची कुंपणं इतकी जवळ की समोरून गाडी आली तर एकाला मागे सरकावं लागे. निर्मळच्या तळ्यापाशी तेवढी मोकळी जागा. तिथे बैलांना पाणी दाखवलं. भात घेऊन चाललेल्या एका बाईने मलाही तांब्या दिला. "पानी पी गो पोरी, तोंड बघ कसं सुकलंय!" तोंड उन्हाने सुकलं नव्हतं. (आता या रस्त्याने बस जाते, रिक्षाही मिळते. सायकलवाल्यांनी तळ्यापाशी जरूर थांबावं.)

नंदाखालला देवळासमोर (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) मांडव होता. आम्हाला केळीच्या पानात भाजलेली गोड पानमोडी मिळाली. ती मिळाली तर सोडू नका.

जेवणं झाल्यावर मॅट्रनबाईंनी मला आंब्याखाली बोलावलं. नाव, गाव, घरातली माणसं, सगळं ठीक झालं. मग त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "ऑपरेशनला नेताना रोगी घाबरला, तर त्याला काय म्हणशील?"

शब्द मला येत होता. पण तो इनासकाकांच्या खलाशाच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यात होता, आणि तिथे पोचायला मला गाणं पहिल्या ओळीपासून म्हणावं लागे. मी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. नेमका तेव्हाच मांडवात बँड सुरू झाला, भलतंच गाणं घेऊन. माझी चाल मोडली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा मोडली. बाई बराच वेळ थांबल्या. मग मराठीत, अगदी मायेने म्हणाल्या, "अजून तयारी हवी, बाळ."

परतताना आबा पुढे बसून गाडी हाकत होते. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असंही वाटत होतं. बँड मागे राहिला. चाकांची करकर तेवढी उरली, आणि गाणं आपोआप सुरू झालं. तळं दिसायला आणि तिसरं कडवं यायला एकच गाठ पडली. मी मोठ्याने म्हणाले, "डोन्ट बी अफ्रेड. आय ॲम हिअर."

"काय म्हणालीस?" आबांनी मागे न बघताच विचारलं.

"घाबरू नका. मी इथेच आहे."

आबांनी कासरा ओढला आणि गाडी पुन्हा नंदाखालकडे वळवली.

मॅट्रनबाई विरार स्टेशनला जायला टांग्यात चढत होत्या. मी गाडीतून उतरून धावत गेले आणि धापा टाकत, एक पाय पायरीवर ठेवलेल्या त्या बाईंसमोर अख्खं गाणं म्हटलं, तिसऱ्या कडव्यापर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जूनमध्ये ये," म्हणाल्या, "पण रोग्यासाठी गाणं जरा लहान निवड."

चौतीस वर्षं नोकरी केली. ते वाक्य किती जणांना म्हटलं, आठवत नाही. दर वेळी आधी मनात दोन कडवी म्हणावी लागायची, तेवढा वेळ मी रोग्याचा हात धरून ठेवायची. माझा हात थंड आहे म्हणून कुरकुरणारेही भेटले.

आबांना मी पुढे एकदाच विचारलं, त्या दिवशी गाडी का वळवलीत. ते वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. हात न थांबवता म्हणाले, "तळं सोडलं की पुढे वळवायला जागा नव्हती."