थोरल्या बहिणीच्या नावावरची रजा

१४ मार्च २०२२. रक्कम तीन कोटी बावन्न लाख शहाण्णव हजार डाँग.

बुटांच्या कारखान्यात विम्याच्या खिडकीवर बसणाऱ्या फुओंगताईंनी हा आकडा काढला आणि कॅल्क्युलेटर फिरवून थुईसमोर धरला. आकड्याने दडपून जायचे कारण नाही. शिलाईच्या लाइनवरचा सहा महिन्यांचा पगार आणि वर बाळंतपणाची एकरकमी मदत, एवढेच ते. सहा महिने घरी बसून मूल पाजायचे आणि पगार विमा कचेरीने द्यायचा, असा कायदाच आहे. व्हिएतनाममधल्या बिन्ह डुओंगच्या कारखान्यांतल्या बायकांना दुसरे कुठले कलम ठाऊक नसले तरी हे तोंडपाठ असते.

"जन्मदाखला तेवढा आण," फुओंगताई म्हणाल्या. "त्यावरचं आईचं नाव आणि विमा-पुस्तकावरचं नाव जुळलं की झालं. जा लिएन, पाय वर घेऊन बस जरा. केवढे सुजलेत!"

"हो ताई," म्हणून थुई जिन्याकडे वळली. तिचे नाव लिएन नव्हते.

लिएन ही तिची थोरली बहीण. सात वर्षांपूर्वी थुई सोळाची होती आणि कारखान्याला अठरा पूर्ण झालेली मुलगी हवी होती. घरात लिएनचे ओळखपत्र होते. चेहरेपट्टी सारखीच. "फोटोत कोण बघतंय!" आई म्हणाली, आणि खरेच कोणी पाहिले नाही. लिएन गावच्या बाजारात नूडल्सची गाडी लावायची, तिला विम्याच्या पुस्तकाची गरजच नव्हती. गावातल्या कितीतरी मुली अशाच कुणाच्या तरी ओळखपत्रावर कामाला लागल्या होत्या. पहिला महिना मुकादम "लिएन! ए लिएन!" असे ओरडायचा आणि थुईची मान वर व्हायची नाही. लाइनवर तिचे नाव 'बहिरी लिएन' पडले. मग सवय झाली. दर महिन्याला पगारातून विमा कापला जात होता, पुस्तक भरत होते, लिएनच्या नावाने.

लग्न मात्र खऱ्या नावाने नोंदवले होते. अडचण तिथे होती.

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत उकाड्याने जीव नकोसा झाला होता. नवरा विन्ह फर्निचरच्या कारखान्यातून येऊन भिंतीला टेकला होता. थुईने बहिणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"घे की माझं नाव," लिएन म्हणाली. "सात वर्षं वापरून झिजलं नाही, ते आता काय झिजतंय?"

"ताई, दाखल्यावर बाप म्हणून विन्ह आणि आई म्हणून तू लागशील."

"अगं बाई! म्हणजे विन्ह माझा नवरा? ए विन्ह, असला घोरणारा नवरा मला फुकट दिला तरी नको हं!"

"मला चालेल," विन्ह बसल्या जागेवरून म्हणाला. "निदान मीठ बेताचं पडेल."

थुईला हसू आले नाही. फोन ठेवल्यावर विन्हही गंभीर झाला. "हे बघ, कागद मागाहून सुधारू. माझी बापाची रजा पाच दिवसांची. तुझे सहा महिने बिनपगारी गेले तर खायचं काय?"

खोल्यांची मालकीण दारात उभी राहून सगळे ऐकत होती. भावंडांतल्या क्रमावरून तिला सगळी चाळ सहावी मावशी म्हणे. "माझ्या पुतण्याच्या घरी हेच केलं," ती म्हणाली. "आता पोर शाळेत जातंय. बाईंनी विचारलं, आईचं नाव काय? तर म्हणे, कोणत्या आईचं?"

"मावशी, तुम्ही भाडं माफ करणार आहात का?" विन्हने विचारले.

"ते मी म्हटलं का?" असे म्हणून मावशी गेली.

महिनाभर थुई दमलेल्या अंगाने बूट शिवत राहिली आणि तेच ते मनात घोळवत राहिली. खोट्या नावाने आलेला पैसा खरा होता, तिच्या घामाचा होता. मूल दहा महिन्यांचे होईल, दोन वर्षांचे होईल, कागद सुधारता येईल. कदाचित येईल.

नऊ एप्रिलला भर दुपारी कळा सुरू झाल्या. विन्ह स्कूटर लावायला गेला आणि थुई एकटीच इस्पितळाच्या खिडकीशी उभी राहिली. पिशवीत दोन ओळखपत्रे होती. लिएनचे कोपरे वापरून गोल झालेले, तिचे स्वतःचे अजून कोरे करकरीत.

"ओळखपत्र?" आतल्या बाईने विचारले.

तेवढ्यात प्रसूतिगृहाच्या दारातून एक परिचारिका कापडात गुंडाळलेले बाळ घेऊन आली आणि तिने बाळाच्या आईचे नाव मोठ्याने पुकारले. बाकावरची एक म्हातारी नाव पुरे होण्याआधीच उठली. थुईला तो पहिला महिना आठवला. आपल्या बाळाला घेऊन असेच कुणी 'लिएन' म्हणून पुकारील आणि आपण क्षणभर ऐकणारच नाही. पुढची कळ आली. तिने करकरीत ओळखपत्र खिडकीत सरकवले.

मुलगी झाली. इस्पितळाचा फॉर्म वाचून विन्हने तो घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "बरं. तुला दूध यायला डुकराचा पाय एकदाच आणू. कच्ची पपई दोनदा."

फुओंगताईंनी दाखला पाहिला, पुस्तक पाहिले आणि दोन्ही परत दिले. "मला कळत नव्हतं असं समजू नकोस. अशा अकरा जणी आहेत माझ्या माहितीत. बाकीच्या दहा जणींनी पुस्तकावरचंच नाव सांगितलं."

"आता काय करायचं ताई?"

"न्यायालयात जायचं. तुम्ही दोघींनी कबूल करायचं, करार खोट्या नावाचा होता म्हणून. तो रद्द झाला की पुस्तक तुझ्या नावावर येईल, मग पैशांचं बघू. घाई करून उपयोग नाही."

लिएन दोन दिवस गाडी बंद ठेवून रात्रीच्या बसने आली, सही केली, भाचीला मांडीवर घेतले. "नाकावरून माझीच," म्हणाली आणि तशीच परत गेली.

चार महिने थुई बिनपगारी घरी होती. पंधरा ऑगस्टला ती कामावर गेली. करार नवा, तिच्या स्वतःच्या नावाचा, आणि पगार नवख्या मुलीचा. सात वर्षांची वाढ गेली. बाळ दिवसा सहाव्या मावशीकडे. मुकादम सवयीने "लिएन!" म्हणून ओरडतो आणि तिची मान लगेच वर होते. तो जीभ चावतो. ती पुन्हा शिवायला लागते.

न्यायालयाचा निकाल लागलेला नाही. विन्हचे पाच दिवसांचे पैसे वेळेवर मिळाले, ते भाड्यात गेले. दुधाच्या पावडरीचे दोन डबे सहाव्या मावशीने आणून दिले होते. त्यांचे चार लाख वीस हजार डाँग द्यायचे राहिले आहेत.