कर्णेकाकांचा आवाज आणि साहेबांचा शब्द

कर्णेकाका घरात एवढं हळू बोलायचे, की बायको म्हणायची, "अहो, सगळा आवाज गिऱ्हाइकांनाच विकून येता का? मला काही उरतच नाही!" पण एकदा का ते आपल्या तीनचाकीत बसले आणि टपावरचे कर्णे सुरू झाले, की अख्खी वस्ती कान टवकारायची. हरवलेलं पोर असो, चपलांचा सेल असो नाहीतर कुणाची शोकसभा, काकांच्या तोंडून आली म्हणजे बातमी पक्की. प्रत्येक गोष्ट ते दोनदा सांगत. एकदा झटकन, आणि मग सावकाश, नळाखाली भांडी घासणाऱ्यांसाठी. पदरचं तिखटमीठ कधी लावलं नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान, आणि का नसावा हो?

मग निवडणूक आली. वस्तीतून उभ्या राहिलेल्या साहेबांच्या माणसानं काकांना वाचायला कागद दिला: 'साहेब वचन देतात, की ते निवडून आले तर पाणीपट्टी निम्मी होणार.' आता चालत्या गाडीतून एवढं लांबलचक कोण ऐकतंय? गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत लोकांना नुसते साहेबच ऐकू जायचे. म्हणून काकांनी धंद्याच्या सवयीनं वाक्याची सुरुवातच छाटली. "पाणीपट्टी निम्मी होणार! पाणीपट्टी... निम्मी... होणार!" आणि तिथंच माशी शिंकली.

साहेब निवडून आले. पाणीपट्टी निम्मी व्हायची राहिली बाजूला, उलट वाढूनच आली. साहेब काही रस्त्यात भेटत नाहीत. काका भेटतात.

"काय हो काका, निम्मी होणार होती ना?" नळावरची एखादी बाई विचारायची.

"अगं, मी नाही, साहेब म्हणाले होते!"

"आम्ही तर तुमच्याच तोंडून ऐकलं."

शेजारची मावशी काकांना पाठच्या भावासारखं मानायची. तिनं तर बोलणंच टाकलं. काकांनी सुरुवातीला हसण्यावारी नेलं. पण एके दिवशी पाणीखात्याचा निरोप आला, उद्या नळ बंद. काका घसा फाटेस्तोवर ओरडले. कुणी साधी बादली भरून ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीत ठणठणाट. तान्ह्या लेकराची आई रिकामी कळशी घेऊन दारोदार फिरताना काकांनी पाहिली. खरं सांगूनही कुणी खरं धरत नसेल, तर या आवाजाचं काय लोणचं घालायचं?

"माझ्या शब्दाला आता कुत्रं विचारत नाही," ते बायकोला म्हणाले.

"मग माझ्यापुढे काय रडता? ज्यानं शब्द दिला त्याच्या दारात जाऊन ओरडा की!"

सकाळी तीनचाकी साहेबांच्या कचेरीसमोर उभी राहिली. शिवी नाही, टोमणा नाही. तेच जुनं वाक्य, पण या वेळी अख्खं, सुरुवातीच्या 'साहेब वचन देतात'सकट. एकदा झटकन, एकदा सावकाश. मग पुन्हा. हळूहळू सगळी वस्ती गोळा झाली. साहेबांचा माणूस धावत आला.

"काका, काय लावलंय हे?"

"तुमचाच कागद वाचतोय बाबा. तेही फुकटात!"

शेवटी साहेब घाम पुसत बाहेर आले. गर्दी बघून त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे. सांगून टाका यांना, साहेब लवकरच बघतील म्हणून."

काकांचा हात सवयीनं माईककडे गेला. माईक त्यांनी उचलला आणि साहेबांच्या हातात दिला. "नाही साहेब. आता तुमच्या तोंडून."

साहेब खाकरले. "वाढ... वाढ याच महिन्यात मागे घेतो."

"आणि निम्मी?" मावशीनं विचारलं.

साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "ते नाही जमणार. मतांसाठी बोलून गेलो."

"पुन्हा सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं. "सावकाश! आम्ही भांडी घासत होतो!" हशा पिकला. साहेबांना पुन्हा सांगावं लागलं, सावकाश.

वाढ खरोखरच रद्द झाली. निम्म्याचा हिशेब वस्ती पुढच्या मतदानाला बघणार आहे, आणि तसं तिनं साहेबांना तिथल्या तिथं बजावलं.

काही दिवसांनी संध्याकाळी काका जेवायला बसले होते. तेवढ्यात मावशी दारात.

"अरे, माझं मांजर सकाळपासून दिसत नाही. जरा फिरून ओरड की. तू सांगितलंस तर लोक शोधतील."

काकांना एकदम भरून आलं. घास तसाच ताटात ठेवून ते उठले.

"अहो, जेवून तरी जा!" बायको म्हणाली. पण काका गाडीत बसलेसुद्धा. "मांजर हरवलं आहे!" एवढं त्यांनी म्हटलं मात्र, गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या.

"काका, कुठल्या रंगाचं हो?"