सात नंबर, बेकरीसमोर

रूटचाचांना माणसाचं नाव लक्षात राहत नसे. स्टॉप मात्र एकदा ऐकला की कायमचा. गणपतीच्या कार्यक्रमात, भाजीच्या दुकानात, कुठेही भेटले तरी ओळख करून द्यायची त्यांची पद्धत एकच. "हे अकरा नंबर, अमवाज, पुलाच्या अलीकडे. आणि हे सात नंबर, सनाबिस, बेकरीसमोर." हे दुसरे म्हणजे मी. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, कार्डावर सोनेरी अक्षरं आहेत; पण बहारीनमधले अर्धेअधिक ओळखीचे लोक मला आजही 'बेकरीसमोर' म्हणून ओळखतात.

चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. इथल्या आमच्या मुलांच्या शाळेच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. शाळा आपल्याच लोकांची; पालकांनी निवडून दिलेली कमिटी ती चालवते. अमवाजच्या बँकरची मुलगी आणि जिदहफ्सच्या मेकॅनिकची मुलगी एकाच बाकावर बसतात, आणि त्यांना त्या बाकापर्यंत आणायचं काम चाचांचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. प्रत्येक बसला दोन पानं. स्टॉप, वेळ, मुलं आणि शेवटी एक रुंद रकाना, त्यावर लिहिलेलं 'शेरा'. अक्षर असं, की शाईत पाय बुडवून मुंगळा फिरला असावा.

माझी त्यांची पहिली भेट भांडणाची. बायको रोज दीडला ऑफिसातून सुटते आणि मुलीला बसवरून उतरवून घेते. फक्त गुरुवारी तिला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं, म्हणून गुरुवार माझ्याकडे. आणि नेमकी गुरुवारीच बस उशिरा यायची. मी बेकरीसमोर पोचावं आणि समोरून, म्हणजे रोजच्या उलट्या बाजूनं, ती डुलत यावी. बायको म्हणायची बस पावणेदोनला येते. माझ्या घड्याळात दोन वाजून गेलेले. मुलगी तेव्हा पहिलीत. तिला मराठी समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं. म्हणाली, "बाबा, थर्सडे इज लाँग राइड!" मला पुरावा मिळाला. मी ऑफिसात जाऊन अर्धा तास शिस्तीवर बोललो. मी स्वतः आजवर एकदाही मुलीला उन्हात ताटकळत ठेवलं नाही, हेही ऐकवलं.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. वही उघडली, बघितली, मिटली. "खरां हाय, सात नंबर साहेब. तुमची पोरगी कधी ताटकळली नाय. इंशाल्ला, पुढं पन नाय ताटकळणार."

मी जिंकलो, असं मला वाटलं. त्या भरात कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिलो आणि, उरलेल्या उमेदवारांना लोक फार नीट ओळखत असल्यामुळे, निवडूनही आलो. ट्रान्सपोर्टचं काम मागून घेतलं. चाचांची वही घरी आणून सगळे स्टॉप कंप्युटरमध्ये भरले. शेऱ्याचा रकाना तेवढा गाळला. दोन-चार ओळी वाचल्या होत्या: 'आई नर्स', 'आजोबांचं टीव्हीपुढं ध्यान नाय, हॉर्न दोनदा'. म्हटलं, या लोकांच्या घरच्या गप्पा. रूटशी त्यांचा काय संबंध?

कमिटीपुढे मी नकाशे दाखवले. "ही बघा, सात नंबरची बस गुरुवारी बेकरीपासून वळून चार स्टॉप पुढे जाते आणि पुन्हा बेकरीला येते! कशासाठी?" सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. अध्यक्षांना हिशेब आवडला. ते म्हणाले, कंप्युटरच रूट आखणार असेल तर साठी उलटलेल्या माणसाचा व्हिसा पुन्हा कशाला रिन्यू करायचा? नोव्हेंबरात संपतोय, तेव्हा निरोप देऊ. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. पण स्लाइडवर 'एक जागा कमी' असं मीच लिहिलं होतं, तिरक्या अक्षरांत.

चाचांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कंप्युटर हुशार हाय. त्याला घर दिसतं. घरात कोन हाय, ता दिसत नाय."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, सप्टेंबरातल्या एका रविवारी (इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो), नवे रूट सुरू झाले. जिदहफ्सच्या एका गल्लीत टेलरच्या दुकानासमोरचा स्टॉप मी काढून टाकला होता. तिथे एकच मुलगी उतरत असे, दुसरीतली. तिला हमरस्त्यावरच्या स्टॉपवर उतरायचं होतं. तिथून घर चार मिनिटं, मी मोजली होती. अर्थात गाडीत बसून.

सव्वादोनला मला शाळेतून फोन आला. मुलगी घरी पोचली नव्हती. तिची आई हॉस्पिटलात ड्यूटीवर, बाप कामाला सौदीत, दम्मामला गेलेला, आणि घरी एकटी आजी. आजीला दिसत नव्हतं. रोज टेलर मुलीला बसमधून उतरवून दारापर्यंत सोडायचा. आज तो दुकानात वाट बघत बसला होता आणि मुलगी दुसऱ्याच रस्त्यावर उतरली होती.

मी गाडी काढली. त्या दिवशीचं ऊन मला अजून आठवतं. गाडीच्या काचेला हात लावला तरी चटका बसत होता, आणि मी एका निळ्या युनिफॉर्मला शोधत होतो. माझ्या मुलीच्याही अंगावर तोच युनिफॉर्म होता. प्रत्येक वळणावर मी बोलत होतो. देवाशी की नकाशाशी, सांगता येत नाही.

ती टेलरच्या दुकानात सापडली. शिवायच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून बिस्किट खात होती. डोळे रडून लाल. शेजारी चाचा, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ऑफिसात काही काम उरलं नव्हतं, म्हणून न विचारता ते टॅक्सीनं इकडे आले होते. त्यांचा फोन ऑफिसातल्या टेबलावर चार्जिंगला राहिला होता. त्यांना पोचायला उशीर झाला. मग दुकानादुकानांत विचारत ते तीन गल्ल्या फिरले. मुलगी उलट्या दिशेला, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती; तिथून ते तिला टेलरकडे घेऊन आले.

"खलास, मिळाली पोरगी, सात नंबर साहेब," ते मला म्हणाले. "बसा. पानी प्या."

दुसऱ्या दिवशी जुने रूट परत आले आणि संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्षांनी विचारलं, ट्रान्सपोर्ट खात्याची जबाबदारी कोणाची? खातं म्हणजे चाचा. शिवाय ते परवानगीशिवाय ऑफिस सोडून गेलेले. दोन महिने तरी कशाला थांबायचं, असं कुणीतरी पुटपुटलं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि खोटं कशाला सांगू, अर्धा मिनिट मी ते उत्तम केलं.

तेवढ्यात चाचाच उठले, माझ्याकडे हात केला. "हँडरायटिंग मेरा खराब है, साहब. सब लिखा था, लेकिन पढ़ने जैसा नहीं लिखा. इनका कसूर नहीं."

मग मात्र मला बसवेना. "अक्षर मला वाचता येत होतं," मी म्हणालो. "मी वाचलं नाही."

मग बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: चाचांचा व्हिसा रिन्यू करायचा, आणि त्या मुदतीत मी त्यांच्याजवळ बसून शेऱ्याचा रकाना कंप्युटरमध्ये भरायचा.

मग दर शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, आम्ही बसायचो. ते वाचायचे, मी टाइप करायचो. कुठल्या घरी नवं बाळ आहे म्हणून हॉर्न वाजवायचा नाही. कुठे आईबाप बोलत नाहीत, तेव्हा वारानुसार कुणाच्या दारात सोडायचं. कोण शुक्रवारी कुराण शिकायला जातं, कोण शनिवारी मराठीच्या वर्गाला. मी या बेटावर बारा वर्षं राहत होतो. इथे राहतं कोण, ते मला त्या शुक्रवारांत कळलं. सात नंबरचं पान आलं तेव्हा चाचांनी बोटाला थुंकी लावून दोन पानं एकदम उलटली. "ह्यात काय नाय. तुमचांच घर हाय, तुमाला म्हाइत हाय."

गेल्या जूनमध्ये ते कायमचे गावी गेले. निरोपाच्या चहाला त्यांनी प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि स्टॉपचं नाव घेतलं. एकही चुकलं नाही. वही मला दिली. "ठेवा, सात नंबर साहेब. आता तुमाला अक्षर लागलंय."

वही महिनोन्‌महिने माझ्या ऑफिसच्या खणात पडून होती. परवा जेवणाच्या सुट्टीत काढली आणि सात नंबरचं पान उघडलं. बेकरीसमोर, आमचं आडनाव, आणि शेऱ्यात बारीक अक्षरांत: 'गुरुवारी आई नाय. बाप येतो, पन उशिरा. पोरीला उन्हात उतरवू नये. पुढचे चार स्टॉप करून परत यावां.'

मी ते पुन्हा वाचलं. माझी तक्रार आठवली. स्लाइड आठवली, आणि मी सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो तेही. मग श्रीवर्धनला फोन लावला.

"चाचा, मला का नाही सांगितलंत? मी तुमच्यासमोर अर्धा तास बोललो शिस्तीवर!"

पलीकडे कोंबडं आरवत होतं. "सांगितला असता तर तुमी वेळेवर आला असतात?"

मी वही मिटली.

"नाय ना? म्हनून गाडीला सांगितलां." ते हसले. मुलगी कितवीत गेली, विचारलं. चौथीत, मी म्हणालो. मग म्हणाले, "सात नंबर साहेब, आज गुरुवार ना?"

मी घड्याळ बघितलं. दोनला तीन मिनिटं कमी होती.

फोन तसाच हातात घेऊन मी पळालो. बेकरीसमोर पोचलो तेव्हा बस येत होती. उलट्या बाजूनं.