शकुबाईचा हुकूम

बोरी अरबच्या बाजारात शकुबाईची जागा कोणाला विचारावी लागत नाही. आवाजाच्या दिशेने चालत जायचं. चाळीस वर्षं ती बाया-बापड्यांना बांगड्या भरते आहे, आणि या चाळीस वर्षांत तिच्यासमोर कोणी गप्प बसल्याचं ऐकिवात नाही. बाईचा हात हातात घेतला की ती बांगडीकडे बघतच नाही. "काय म्हणते सासू?" एवढंच विचारते. सासू हा विषयच असा की उत्तराला वेळ लागतो, आणि उत्तर संपेपर्यंत सहा बांगड्या चढलेल्या असतात. कसलेला नट नुसता रंगमंचावर येऊन उभा राहिला तरी प्रेक्षक सावरून बसतात. तसं शकुबाईने पेटीचं झाकण उघडलं की बाया आपोआप पुढे सरकतात. अशी माणसं आता कमी झाली. हल्ली बांगड्या डबीत घालून मिळतात, सासूची चौकशी कोणी करत नाही.

या बोलक्या बाईच्या घरी अर्पिता जन्माला आली. शकुबाईच्या मुलाची, कपिलची, एकुलती एक लेक. वय आठ, इयत्ता तिसरी. बोलायला वेळेवर लागली, शब्द स्वच्छ, पाठांतर चोख. नुसता हात बघून बांगडीचं माप सांगण्यात तर आजीच्या वरताण. पण तिचं बोलणं समोरच्याशी जुळतच नसे. वाटेने जाणारं कोणी सहज "जेवली काय वं?" म्हणालं की ही त्याला थांबवून सकाळच्या चहापासून सारं सांगायची, त्याने पाऊल पुढे टाकलंय हे तिच्या गावीही नसायचं. गोष्ट सांगायला लागली की सुरुवातच "मग त्याने ती फेकली" अशी. कोणी, काय, कुठे, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच आहे असं धरून चालायची. हेडमास्तरांशी जशी बोले तशीच शेजारच्या तान्ह्या लेकराशी. कोणी थट्टा केली तर ती खरी मानून रडकुंडीला यायची. कोणी तिला आगाऊ म्हणत, कोणी भोळी. शकुबाई सुनेच्या मोबाइलला दोष द्यायची आणि सून शकुबाईच्या लाडांना.

गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रुखमाबाई. लेक, सुना, जावा मिळून एका बैठकीत पंधरा-वीस जणी. लग्नात रुखमाबाईच्या हाताला दोन-चारची, म्हणजे बारक्या मापाची बांगडी यायची आणि आजही तीच येते, अशी तिची श्रद्धा. शकुबाई गेली पंधरा वर्षं तिला चांगली मोठी, दोन-आठची भरत होती आणि मोठ्याने "दोन-चार" म्हणत होती. धंद्यात एवढी माया ठेवावी लागते.

श्रावणात शकुबाई नातीला मदतीला घेऊन तिच्याकडे गेली. बैठक रंगात आली होती. जावा ओळीने बसल्या होत्या. शकुबाई "दोन-चार" म्हणाली आणि अर्पिताने पेटीत बघत शांतपणे चूक दुरुस्त केली.

"आजी, ह्या दोन-आठच्या आहेत. दोन-चार त काकूच्या अंगठ्यापाशीच अडकते."

जावा अशा हसल्या की एकीच्या बशीतला चहा लुगड्यावर सांडला. रुखमाबाईने हात काढून घेतला आणि उरलेल्या बांगड्या पुढच्या वेळी बघू म्हणाली.

परतीच्या वाटेवर शकुबाई कडाडली. "आजपासून लोकांत तोंड उघडायचं नाही. समजलं?"

अर्पिताला समजलं. तिथेच तर घोळ झाला.

चौथ्या दिवशी शाळेच्या बाई बाजारात शकुबाईला शोधत आल्या. अर्पिता हजेरीला ओ देत नाही, खिचडीला हात लावत नाही, पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही, घरी काही झालं का, असं त्यांनी विचारलं. शकुबाई चाट पडली. घरी तर पोरीची टकळी चालूच होती. शाळेतून आल्यावर चार-चार पोळ्या खायची. अंगाला लागतंय म्हणून सगळे खूश होते.

ती तशीच उठली. पेटी शेजारणीच्या हवाली केली आणि घरी येऊन नातीपुढे बसली.

"काहून खात नाही वं शाळेत?"

"तूच त म्हटलं, लोकांत तोंड उघडायचं नाही. खायाले तोंड उघडा लागते."

"अवं, रागात म्हटलं मी. उघड तोंड."

"कोणाकोणासमोर?" अर्पिताने विचारलं. "रुखमाकाकूसमोर पण? आणि काय काय बोलायचं?"

कोणापुढे काय बोलावं, काय गिळावं, हे शकुबाईला पुरतं ठाऊक होतं. पण ते सांगायचं कसं? तिला तरी कोणी सांगितलं होतं? शेवटी म्हणाली, शाळेत खायचं, पाणी प्यायचं आणि हजर म्हणायचं. दुसऱ्या दिवसापासून अर्पिताने तिन्ही गोष्टी नेमाने केल्या. चौथी केली नाही. दिवसभरात एकच शब्द, "हजर". आपल्या एका वाक्याने पोरीचा आवाज गेला तो गेलाच की काय, या धास्तीने शकुबाईचं बाजारातलं बोलणंही आटलं.

शाळेच्या बाईंनी यवतमाळचा पत्ता दिला. बोलण्याच्या अडचणी तपासणाऱ्या मॅडम होत्या. कपिल आजी-नातीला घेऊन गेला. मॅडमनी कान तपासायला लावले, चित्रं दाखवून गोष्टी सांगायला लावल्या, खेळ खेळल्या. तीन-चार खेपा झाल्यावरच निदान सांगितलं. कान ठीक, बुद्धी ठीक, भाषाही चांगली. अडचण आहे ती शब्दांच्या आजूबाजूच्या गोष्टींची: कोणी कधी बोलायचं, समोरच्याला आधीच काय माहीत आहे, थट्टा कोणती आणि खरं कोणतं, कोणाशी कसं बोलायचं. बाकीची मुलं हे न शिकवता उचलतात, हिला ते सांगून, दाखवून, घोटून घ्यावं लागेल. याला सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर म्हणतात. हा हट्ट नाही आणि लाडांचा दोषही नाही. यावर गोळी नाही, सराव आहे. आणि 'हे करू नको' म्हणून थांबू नका. काय करायचं ते पुरतं सांगा.

"म्हणजे तालीम घ्या लागते," शकुबाई म्हणाली.

"तालीमच. फक्त तुमचीही होईल, आजी."

झालीच. रोज दुपारी दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये एक बांगडी. जिच्या हातात बांगडी तिने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, मग बांगडी पुढे. पहिले आठ दिवस बांगडी शकुबाईकडेच राहायची, तेव्हा अर्पिता नियम काढून दाखवायची. आपण किती गोष्टी न बोलताच बोलतो, हे शकुबाईला या वयात कळलं. चेहरा वाचणं अर्पिताला जड जाई. मग शकुबाईने हात वाचायला शिकवलं. बोटं ताठ झाली की दुखतंय, तेव्हा थांबायचं आणि विचारायचं. हे पोरीला एका दिवसात आलं. शाळेत "हजर"च्या जोडीला हळूहळू शेजारणीचं खोडरबर मागणं आलं. पण मोठ्या माणसांच्या घोळक्यात ती अजून ओठ घट्ट मिटून बसे.

माघात रुखमाबाईच्या लेकीचं, दीपाचं लग्न निघालं. चुडा भरायला बोलावणं शकुबाईलाच आलं, राग असला तरी. अर्पिताला न्यावं की नाही, यावर शकुबाई दोन दिवस चडफडली आणि मग पोरीची वेणी घालून घेऊन गेली.

घर बायांनी भरलं होतं. जावा अर्पिताकडे बघून एकमेकींना कोपरं मारत होत्या. दीपाचा हात हातात आला तसा शकुबाईला जुना सूर गवसला. होणाऱ्या सासूची चौकशी सुरू झाली, नवरी लाजून हसत होती, बाया टाळ्या देत होत्या, हिरव्या बांगड्या चढत होत्या.

"आजी, थांब." आवाज बारीक होता, पण घरभर ऐकू गेला. "दुखून राह्यलं तिले. बोटं पाह्य."

शकुबाईने हात सैल सोडला. नवरी अजून हसतच होती, पण डोळ्यांत पाणी होतं. तिने हो म्हणून मान हलवली.

"तुले कसं समजलं वं?" एका जावेने विचारलं. आणि अर्पिता सुरू झाली. सुरुवात सोडून एकदम मधूनच, कोणती बोटं कधी कशी होतात ते, श्वास न घेता, वीस बायांपुढे. जावा हसायला लागल्या. शकुबाईचा हात सवयीने पोरीला गप्प करायला वर आला आणि तिथेच थबकला.

"अर्पिता, तुझं सांगून झालं. आता काकूचा नंबर."

अर्पिता थांबली. रुखमाबाईकडे वळली आणि वाट बघत बसली. सगळ्या बायाही बघायला लागल्या. रुखमाबाईला तर काहीच बोलायचं नव्हतं. तिने पदर सारखा केला, लेकीच्या हाताकडे पाहिलं, मग या पोरीकडे.

"बरी नजर आहे वं तुही," ती म्हणाली. "एक माप मोठं काढ दीपासाठी."