चपलांजवळची सतरंजी

अॅक्सेंट म्हणजे काय, हे वर्गाला कळावं म्हणून सरांनी मला उभं केलं.

"बोल. आय अॅम लर्निंग इंग्लिश."

मी बोलले. वर्ग खदखदून हसला. सरांनी फळ्यावर 'अॅक्सेंट' लिहिलं आणि माझ्याकडे खडू रोखला. "हा बघा अॅक्सेंट. शेणव्याचा. त्यातही वस्तीवरचा."

शेणवे माझं गाव. 'वस्तीवरचा' म्हणताना ते जरा थांबले. कुठली वस्ती ते सगळ्यांना कळलं. शहापुरात हे फोडून सांगावं लागत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बारावी झाले होते. बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर हा स्पोकन इंग्लिशचा क्लास चालायचा. हायवेवरच्या कंपन्यांत तेव्हा ऑफिसात मुलं-मुली घेत होते आणि सरांची तिथे ओळख होती. क्लासच्या पहिल्या रांगेतल्यांनाच ते मुलाखतीला पाठवायचे. मला ती नोकरी हवी होती. आई दुसऱ्यांच्या शेतात चिखलात वाकून भाताची आवणी करायची. ते मला थांबवायचं होतं. बस, एवढंच.

क्लासात बाकं नव्हती, सतरंज्या होत्या. पुढची फ्ल्युएंट लोकांची. मधली इंटरमीजिएटची. शेवटची बिगिनरची, दाराशी, चपलांच्या ढिगाला लागून. शनिवारी तोंडी परीक्षा. पास झालं की पुढच्या सतरंजीवर जायचं.

सरांचा आवडता धडा होता भाषा शिकण्याविषयी बोलायचे शब्द. मदर टंग. फॉरेन लँग्वेज. व्होकॅब्युलरी. ब्रश अप. मी ते जीपमध्ये कोंबून बसलेली असताना घोकायचे, चुलीपुढे घोकायचे. आई म्हणायची, "काय पुटपुटतेस गो, देव आला का अंगात?"

परीक्षेत मी सगळं बरोबर सांगितलं. सर "गुड" म्हणाले. मी पिशवी उचलली.

"तू बस तिथंच. आधी अॅक्सेंट जाऊ दे."

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. माझ्यामागून आलेला शेजारच्या गावच्या पाटलाचा मुलगा मात्र थेट पहिल्या रांगेत गेला. तो माझ्यासारखाच बोलायचा. तोही 'नाय'च म्हणायचा, 'आमी'च म्हणायचा. त्याचा अॅक्सेंट कुणाला ऐकू येत नव्हता. आणि मी वेडी, घरी आरशासमोर तोंड वाकडं करून माझी जीभ सुधारत बसले होते! आजही ते आठवलं की संताप येतो.

एकदा आई बाजाराला आली आणि मला न्यायला जिना चढून वर आली. आत कुणी बोलावलं नाही. ती दारात उभी राहिली, सतरंज्या बघत. खाली उतरल्यावर तिने विचारलं, "तू हितं बसतेस?"

"ती बिगिनरची जागा आहे आई. नवशिक्यांची."

आई थोडं चालली. मग म्हणाली, "आमी पन हितंच बसायचो गो. शालेत. दाराशी, चपलांजवल. आमाला नुसतं सांगायचे, तिथं बस. इंग्रजीत नाय सांगायचे."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

त्या शनिवारी मी पास झाले. "गुड," सर म्हणाले. "बस तिथंच."

मी उठले. सगळ्यांच्या मधून गेले आणि पहिल्या सतरंजीवर बसले.

"गो बॅक," सर म्हणाले. मी हलले नाही. मग त्यांना त्यांची मदर टंग आठवली. "ऊठ! मागं हो!"

"नाय उठणार. पास झालेय मी."

"तुझा अॅक्सेंट..."

"ह्याचा पन तोच आहे. ह्याला उठवा आधी."

पाटलाच्या मुलाने मान खाली घातली. कुणी हसलं नाही. शेजारची मुलगी आपली ओढणी गोळा करून बाजूला सरकली. सरकू दे. मी क्लास सुटेपर्यंत बसून राहिले.

सोमवारी सर दारातच उभे होते. "तुझं नाव काढलंय." मुलाखतीला पाटलाचा मुलगा गेला. तो लागला. त्या पावसाळ्यात आईच्या शेजारी चिखलात मीही वाकले.

पण इंग्रजी मी सोडली नाही. ती काय त्यांच्या बापाची होती? आज मी मुरबाडला एका शाळेत तीच शिकवते, आईच्याच अॅक्सेंटमध्ये. स्टाफरूममध्ये अजूनही कुणीतरी गोड हसून विचारतं, "मॅडम, तुमचा अॅक्सेंट कुठला हो?"

"शेणव्याचा," मी सांगते. "वस्तीवरचा." आणि मीच जरा थांबते, नीट ऐकू जावं म्हणून.

शब्द बदलून तीच सतरंजी पुन्हा अंथराल, हे मला माहीत आहे. अंथरा. मी पुढेच बसणार. उठवायला या.

नाय उठणार.